चार रविवारांची दाढी

१

दाढी मी सकाळी दहाला करतो. साडेसहाला उठणं, चहा, रक्तदाबाची गोळी, पेपर, मग खिडकीजवळच्या खुर्चीत अर्धा तास डोळा लागतो. उठलो की दाढी, मग आंघोळ. बायको जाऊन सहा वर्षं झाली. या क्रमात फरक पडलेला नाही.

जावयाने दिलेलं विजेचं मशीन मी वीस वर्षं वापरलं. आवडत नव्हतं, पण दिलेली वस्तू वापरायची असते. एका रविवारी मुलगी आली आणि माझ्याकडे बघत दारातच उभी राहिली.

"बाबा, हे काय?"

"काय?"

"हनुवटीखाली बघा. पट्टे पट्टे राहिलेत. नीट पेरलं नसल्यासारखं."

"मशीन बोथट झालंय."

"मशीनला कशाला बोल लावता? तुमचा हात थरथरतो. चहा अर्धा बशीत असतो तुमचा. मला दिसत नाही का?"

मग तिने नेहमीचा विषय काढला. आमच्याकडे चला. तिचं घर मी बघितलं आहे. हॉलमध्ये दिवाण, त्यावर मी. बाथरूमला आतून कडी लावायची नाही, कारण मी पडलो तर दार फोडावं लागेल. अठ्ठेचाळीस वर्षं कारखान्यात ग्राइंडिंगचं मशीन चालवलं. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक हातावर काढला. आता कडी न लावता आंघोळ करायची.

"उद्यापासून ब्लेडने दाढी करतो," मी म्हणालो. "साध्या रेझरने. चार रविवार ये आणि बघ. एक कापलेलं दिसलं किंवा एक केस राहिलेला दिसला, तर त्याच दिवशी बॅग भरून तुझ्याबरोबर निघतो."

"आणि नाही दिसला तर?"

"तर हा विषय बंद. मरेन तो या घरात."

"मरणाचं कुठे आणता बाबा, दाढीचं बोलतोय आपण!"

"मीही दाढीचंच बोलतोय."

तिने डोक्याला हात लावला. पण कबूल झाली.

२

रेझर जुना होता, लग्नाआधीचा. स्क्रू ठेवायच्या डब्यात सापडला. वरचा मुलामा उडून पितळ दिसत होतं. लिंबू आणि जुना टूथब्रश घेऊन तासभर घासला. साबणाची वडी, ब्रश आणि ब्लेडची पाकिटं कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली. दुकानदार म्हणाला, "काका, हे आता तुम्ही आणि अजून दोघं नेतात." मी म्हटलं, त्या दोघांना अक्कल आहे.

पहिल्या दिवशी पाणी गरम केलं. ब्रश भिजवला, झटकला, मगमध्ये साबणावर गोल फिरवला. आधी बुडबुडे आले, मग ते बारीक झाले, मग घट्ट पांढरा फेस झाला. तो गालावर चढवला तेव्हा गाल ढिला पडला. विसरलोच होतो हे. वीस वर्षं मी कोरड्या तोंडावरून घरघरणारं यंत्र फिरवत होतो आणि त्याला दाढी म्हणत होतो.

रेझरला दाब द्यायचा नसतो. त्याचं वजन त्याला पुरतं. आपण फक्त कोन सांभाळायचा. ग्राइंडिंगमध्येही तसंच, दाब देतो तो नवशिका. पहिला हात केसांच्या बाजूने, वरून खाली. परत फेस. दुसरा हात आडवा. परत फेस. तिसरा उलटा, खालून वर. दोन बोटांनी कातडी ताणायची आणि कान उघडे ठेवायचे. केस कापला जाताना खर्र आवाज येतो. आवाज गेला की काम झालं. मी रेझर पाण्याखाली धरतो, बेसिनच्या कडेवर एकदाच आपटतो आणि पुढे जातो.

आणि हात थरथरला नाही. बशीत चहा सांडणारा हात रेझर धरला की मशीनवर असल्यासारखा स्थिर झाला. शेवटी गार पाणी, तुरटीचा खडा. गालाला वारा लागला तो थेट लागला. मी आरशासमोर उगाचच दोन मिनिटं उभा राहिलो. असा मी उभा राहत नाही.

पहिल्या रविवारी मुलीने मला खिडकीशी नेलं, चष्मा लावला आणि हनुवटी धरून इकडेतिकडे वळवली. तिची आई भाजी अशी बघून घ्यायची.

"हं," ती म्हणाली. "काही नाही बाबा. छान झालीय. लग्नाच्या फोटोत दिसते तशी."

"एक झाला," मी म्हणालो.

३

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी फेस लावून रेझर उचलला आणि हात हलला. थोडा नाही. गाडी सुरू होताना हलते तसा. मी रेझर खाली ठेवला. थांबलो. परत उचलला. परत तेच. फेस धुऊन टाकला.

शुक्रवारी तेच. शनिवारी मी बाथरूममध्ये गेलोच नाही.

रविवारी सकाळी गालावर तीन दिवसांचे पांढरे खुंट होते. न्हाव्याकडे जाता आलं असतं. पण ती लबाडी झाली असती. पैज हाताची होती. गोळी घेतली, पेपर उघडला, खुर्चीत बसलो. अकराला मुलगी येणार. मनात बॅग भरायला घेतली. दोन शर्ट घडी केले आणि डोळा लागला.

जाग आली ती गाल गार लागल्यामुळे. खिडकी बंद होती. हात वर गेला. गाल गुळगुळीत होता. दुसरा गाल, हनुवटी, गळा, सगळं गुळगुळीत. तुरटीचा वास येत होता.

घड्याळात सव्वादहा.

बाथरूममध्ये ब्रश ओला. मगमध्ये फेसाचं कडं. बेसिन स्वच्छ, एक केस नाही. मी दाढी केली की बेसिनमध्ये केस राहतात. मला ते नंतर पुसावे लागतात.

मुलगी आली. चष्मा लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिली.

"बाबा, मला वाटलं होतं दुसऱ्या आठवड्यात हरणार तुम्ही."

"दोन झाले," मी म्हणालो.

४

मी सातवीपर्यंत शिकलो, पण विचार करता येतो. गोळीने गुंगी येते. गुंगीत माणूस उठतो, काम करतो, परत येऊन बसतो आणि विसरतो. असं होत असलं पाहिजे. हे मुलीला सांगितलं तर ती उद्याच टेम्पो बोलावेल. म्हणून सांगायचं नाही. विषय संपला.

संपला नाही. कारण बोटं.

कारखान्यात आमची चार मशीन होती, चार माणसं. दांडे घासून गुळगुळीत करायचे आणि पेटीत ठेवायचे. साहेब पेटीतला कुठलाही दांडा काढून माझ्या हातात द्यायचे. मी डोळे मिटून नख फिरवायचो आणि सांगायचो, हे कोणाचं काम. कधी चुकलो नाही. प्रत्येक हाताची एक खोड असते. ती कामात उतरते.

माझ्या डाव्या जबड्याखाली केसांचा भोवरा आहे. तिथे मी कायम थोडं सोडतो. पहिल्या दाढीपासून सोडत आलो, माझा हात तिथे वळत नाही. सोमवारी तिथे नख फिरवलं. काही नव्हतं. भोवऱ्याच्या वळणाने कोणीतरी वळत गेलं होतं. घाई न करता.

ते माझ्या हातचं काम नव्हतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. खरं सांगतो, भीतीच्या आधी मला राग आला.

मंगळवारी परत झालं. या वेळी पूर्ण झोप नव्हती. डोळे जड होते, कान जागे होते. आत नळ सुटला. बंद झाला. मग बेसिनच्या कडेवर धातू वाजला. टक, टक.

दोनदा. मी एकदाच आपटतो.

उठायचा प्रयत्न केला. अंगात शिसं ओतल्यासारखं झालं होतं. उठता आलं तेव्हा घर शांत होतं आणि गाल गार होता.

दुपारी खालच्या मजल्यावरचा शिंपी चहाला आला. पेपर आम्ही दोघांत एक घेतो.

"मिस्त्री, लेक राहायला आलीय वाटतं?"

"नाही. का?"

"सकाळी पेपर न्यायला वर आलो, तर तुमचं दार लोटलेलं. तुम्ही खुर्चीत घोरत होता. आत बाथरूममध्ये पाणी चाललेलं. म्हटलं बाईमाणूस आत आहे, कशाला थांबा. पेपर उचलला आणि गेलो."

"नळ उघडा राहिला असेल."

"उघडा राहिलेला नळ असा वाजतो होय? सुटत होता, बंद होत होता. कोणी काही विसळावं तसा."

"वायसर गेलाय."

"मग बदला. एवढे मिस्त्री म्हणवता." त्याने चहा संपवला आणि माझ्याकडे निरखून बघितलं. "दाढी मात्र झकास हां. दिवसेंदिवस तरुण होताय. कुठे कोणी बघून ठेवलीय की काय?"

"चहा झाला असेल तर निघा," मी म्हणालो.

तो हसत गेला. मी दाराला कडी लावली. मग लक्षात आलं, कडी लावून मी त्या नळ सोडणाऱ्याबरोबर आत राहिलो होतो.

५

गुरुवारी ब्लेड काढून घेतलं. कागदात गुंडाळलं, शर्टाच्या खिशात घातलं, खिशाचं बटण लावलं आणि खुर्चीत बसलो. उठलो तेव्हा दाढी झालेली होती. बटण लावलेलं होतं. आत हात घातला तर कागद ओला.

यावर विचार करून काही हाती लागत नव्हतं. मग कारखान्यातली रीत आठवली. दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का हे बघायचं असेल तर आम्ही एका भागाला निळा रंग पातळ फासायचो. दुसरा भाग जिथे जिथे टेकेल तिथे निळं उमटतं. डोळ्याला दिसत नाही ते रंग दाखवतो. माझ्या पेटीत त्या रंगाची जुनी नळी होती.

शनिवारी ब्लेड परत चढवलं. रेझरच्या दांड्याला रंग फासला, इतका पातळ की दिसू नये. झोपेत मीच उठत असेन तर माझी बोटं निळी होतील. तो रंग साबणाने जात नाही. मी आठ-आठ दिवस निळी बोटं घेऊन जेवलो आहे.

खुर्चीत बसलो. डोळा लागला.

जाग आल्यावर आधी हात बघितले. तळवे, उलटी बाजू, नखांच्या कडा. उजेडात धरून बघितले. स्वच्छ.

म्हणजे मला वेड लागलेलं नव्हतं. हे कळल्यावर माणसाला हायसं वाटायला हवं. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. खोलीतल्या एकेका वस्तूकडे बघत होतो. टेबल, कॅलेंडर, बायकोचा फोटो, बाथरूमचं दार. दार थोडं उघडं होतं. किती उघडं होतं आधी, ते आठवत नव्हतं.

मग आरशापुढे गेलो. डाव्या कानाच्या पुढे, कातडी ताणायला जिथे बोटं ठेवतात तिथे, दोन निळे ठसे होते.

चष्मा लावून बघितलं. माझ्या बोटाचा ठसा मला माहीत आहे. दांड्यावर उमटला की त्यातली रेघन् रेघ दिसायची, साहेब ओरडायचे. या ठशांत रेघा नव्हत्या. एकही नाही. नुसते दोन गुळगुळीत निळे गोल. खूप घासून घासून त्या बोटांवर काही उरलं नसावं, तसे.

रॉकेलने घासले. फिके झाले, गेले नाहीत.

रविवारी मुलीने तिथेच बोट ठेवलं. "हे निळं काय?"

"पेन."

"कानाशी?"

"खाजवत होतो."

"पेनाने कोणी कान खाजवतं का, बाबा?"

"मी खाजवतो."

ती हसायला लागली. हसता हसता तिने माझा गाल पुसला, लहान मुलाचा पुसतात तसा. "बरं. तीन झाले. पुढच्या रविवारी जेवायला दोघं येतो. हेही म्हणताहेत, बाबांची पैज स्वतः बघायची."

ती जिन्याशी गेली तेव्हा मी तिला हाक मारली. ती वळली.

"काय हो?"

तोंडाशी आलं होतं. सांगितलं असतं तर ती थांबली असती, आणि संध्याकाळी मी तिच्या दिवाणावर असतो.

"काही नाही. पायऱ्या ओल्या आहेत, जपून जा."

६

सोमवारी मी गोळी घेतली, पण बसलो नाही. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिलो. दहाला बाथरूममध्ये गेलो, दार सताड उघडं ठेवलं आणि माझी दाढी मी करायला घेतली. माझं तोंड, माझा रेझर.

हात हलत होता. तरी केली. तिसऱ्या हाताला हनुवटीवर कापलं. लांब कापलं. रक्त फेसात उतरलं आणि फेस गुलाबी झाला. तुरटी दाबून धरली. थांबायला बराच वेळ लागला.

रविवारला सहा दिवस होते.

रेझर हत्यारांच्या पेटीत घातला, पेटीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. मंगळवारपासून रोज सकाळी मी ओट्याशी उभा. पाय सुजले. दाढी वाढत होती, हनुवटीवर खपली धरली होती.

दहा वाजायला आले की आत सुरू व्हायचं. नळ सुटायचा, बंद व्हायचा. मगमध्ये ब्रश फिरायचा. गोल, गोल, गोल. साबणाचा वास ओट्यापर्यंत यायचा. मग थांबायचं. थोड्या वेळाने परत ब्रश फिरायचा, फेस सुकू नये म्हणून फिरवतात तसा. बुधवारी हे अर्धा तास चाललं. शुक्रवारी एक तास. कोणीतरी गिऱ्हाइकाची वाट बघत होतं. मी आत जाऊन बघायचो तेव्हा कोणी नसायचं. मगमध्ये फेस तयार असायचा. चांगला, घट्ट, पांढरा.

मी तो ओतून टाकायचो. माझे हात तेव्हा इतके थरथरायचे की हातातला मग बेसिनवर आपटायचा.

रविवारी सकाळी आरशात बघितलं. सहा दिवसांची दाढी, मध्ये काळी खपली. रेझर हातात धरणं शक्य नव्हतं. बाराला मुलगी आणि जावई येणार होते.

मी खुर्चीत जाऊन बसलो. मुद्दाम. डोळे मिटले, पण झोपलो नाही.

नळ सुटला.

पावलं वाजली नाहीत. नुसती पाण्याची ऊब जवळ आली. मग ब्रश गालाला लागला. गरम होता. गोल फिरत गेला, कानापासून हनुवटीपर्यंत, हनुवटीपासून कानापर्यंत. सहा वर्षांत माझ्या तोंडाला कोणाचा हात लागला नव्हता, मुलीची दोन बोटं सोडली तर. लिहायला लाज वाटते, पण मी खुर्चीत सैल झालो.

पातं टेकलं. वजन त्याचं त्याला, दाब नाही. मी एवढं चांगलं कधी केलं नाही. ऊब लांब जायची, आत टक, टक वाजायचं, परत जवळ यायची. तेवढा वेळ अर्धा गाल गार पडून वाट बघायचा. गळ्यावर आलं तेव्हा मी श्वास धरला. पातंही थांबलं. मी श्वास सोडेपर्यंत थांबून राहिलं.

शेवटी हनुवटी. खपलीच्या कडेने पातं फिरलं, मग खपलीखाली गेलं. अलगद. दुखलं नाही.

डोळे उघडले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. आरशात खपली नव्हती. खाली गुलाबी, नवी कातडी होती. पेटीचं कुलूप लावलेलंच होतं. उघडलं. आत रेझर ओला होता.

७

जावई माणूस चांगला आहे. बोलतो जास्त. त्याला मोठी दाढी आहे, छातीपर्यंत नाही पण भरगच्च, काळी. तिला तो तेल लावतो, कंगवा खिशात ठेवतो.

"बाबा, मानलं तुम्हाला," तो म्हणाला. "या वयात ब्लेड! मला तर भीती वाटते."

"तुमची दाढी भीतीची नाही, आळसाची आहे," मी म्हणालो.

तो मोठ्याने हसला. मुलगीही हसली. जेवण झालं. जावई हात धुऊन बाहेरच्या खोलीत गेला आणि माझ्या खुर्चीत बसला. पाच मिनिटांत घोरायला लागला. मुलगी आणि मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. ती घासत होती, मी पुसत होतो.

"दाखवा," ती म्हणाली. ओले हात पदराला पुसून तिने माझी हनुवटी धरली. खूप वेळ बघितलं. मग हात खाली घेतला.

"चार झाले, बाबा."

"झाले."

"मी चुकले. मला वाटलं होतं, तुम्ही हट्टाने करताय आणि एक दिवस..." ती थांबली. तिचे डोळे भरले होते. "रात्री झोप लागायची नाही मला. बाबा एकटे आहेत, पडले असतील, कोणी नाही जवळ. आता नाही म्हणणार. तुम्ही इथेच राहा. हे तुमचं घर आहे."

हेच मला हवं होतं. एवढ्याचसाठी सगळं. मी फडकं झटकलं आणि म्हणालो, "बरं."

बाथरूममध्ये नळ सुटला.

"उठले वाटतं," मुलगी म्हणाली आणि परत ताटाकडे वळली.

मी कान दिला. नळ बंद झाला. ब्रश फिरायला लागला, गोल, गोल. आणि त्याच वेळी खुर्चीतून घोरणं ऐकू येत होतं. तसंच, एका लयीत.

 हातात ताट होतं. मी काही बोललो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं. आत्ता मिळालेलं घर आत्ताच गेलं असतं. आणि गप्प राहिलो असतो तर तो झोपलेला होता, तोंड वर करून, गळा उघडा टाकून.

ताट ठेवलं आणि बाहेर गेलो.

जावयाची मान मागे कललेली होती. उजव्या गालावर दाढीत फेस चढला होता, डावा गाल अजून काळा होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पण कानाच्या पुढे त्याची कातडी ताणलेली होती. वर ओढलेली. तिथे दोन खळगे पडले होते, शेजारी शेजारी, बोटं रुतावीत तसे. बोटं नव्हती. त्या खळग्यांपासून थोड्या खाली, फेसात, एक सरळ चीर पडत होती. हळूहळू खाली येत होती.

मी फडक्याने त्याचं तोंड पुसून काढलं. जोरात, एका झटक्यात. कातडी सुटली, खळगे भरून आले. फडक्याच्या आत काहीतरी गार माझ्या तळव्याला लागलं आणि बाजूला झालं.

"उठा," मी ओरडलो.

जावई दचकून उठला. "काय झालं? काय हो बाबा? तोंड का पुसताय माझं?"

"लाळ गळत होती."

"लाळ?"

"माझी खुर्ची आहे. उठा."

मुलगी दारात आली होती. "बाबा! झोपले होते ते. असं उठवतात का माणसाला?"

"माझ्या खुर्चीत कोणी झोपायचं नाही."

जावयाचं तोंड उतरलं. त्याने गालाला हात लावला, बोटांकडे बघितलं. चपला शोधायला लागला. मुलीने पर्स उचलली. 

"मी आत्ता तुमच्यापुढे रडले," ती म्हणाली. "आणि तुम्ही एका खुर्चीसाठी... राहा तुम्ही. राहा एकटे."

"मीही येऊ का," असं मी म्हणू शकत होतो. तिने नेलंही असतं, रागावून का होईना. पण त्यांच्या घरी हॉलमध्ये जावई असाच रविवारी झोपतो. मी गेलो तर ते इथेच राहील, हे मला कोण सांगणार? सुरू केलेलं काम अर्धं सोडून चांगला कारागीर उठत नाही. मीही कधी उठलो नाही.

"जपून जा," मी म्हणालो.

जिन्यात ती वळली. राग होता, पण मुलगी आहे. "बाबा, आत नळ चालू आहे का?"

"बंद करतो."

ते उतरून गेले. खालचं फाटक वाजेपर्यंत थांबलो, मग दार लावलं. दुपारचे तीन वाजत होते. खोलीत साबणाचा वास होता. मी खुर्चीत बसलो, जावयाच्या अंगाची ऊब तिच्यात अजून होती. मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

नळ बंद झाला. ऊब जवळ आली. ब्रश फिरला, कानापासून हनुवटीपर्यंत, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

सकाळीच तीनदा हात फिरला होता. माझ्या तोंडावर काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तसं मोठ्याने सांगितलं.

दोन बोटांनी कानाजवळची कातडी वर ओढली, आणि पातं टेकलं.